चिमूटभर मिठाचं यंत्र

सगुणाबाईंच्या दंडावरचा पट्टा सोडला तेव्हा आकडा होता वरचा एकशे ब्याऐंशी, खालचा एकशे आठ. बाईंचं वय त्रेसष्ट, मखमलाबादला मळा, आणि बारा वर्षांपासून रक्तदाबाच्या गोळ्या माझ्याच हातच्या.

"जेवताना वरून मीठ घेता?" मी विचारलं.

"आजाबात नाय! मिठाकडं बघत पण नाय मी, डाक्टर."

मी गोळी वाढवून दिली. बाई बाहेर गेल्या. दोन मिनिटांनी मी पुढच्या पेशंटला हाक मारायला दार उघडलं, तर बाकड्यावर बसून सगुणाबाई पेरू खात होत्या. डाव्या हातात पेरू, मांडीवर कागदाची पुडी, पुडीत मीठ. चिमूट उचलायची, पेरूवर टाकायची, कचकन चावा घ्यायचा.

"सगुणाबाई, हे काय?"

"पेरू."

"आणि त्याच्यावर?"

"ते व्हय? ते पेरूचं हाय."

इंदिरानगरात दवाखाना टाकून मला बावीस वर्षं झाली, पण हे तत्त्वज्ञान त्या दिवशी पहिल्यांदा स्वच्छ कळलं. आपल्या लोकांत पेरूचं मीठ पेरूचं असतं, लोणच्यातलं लोणच्याचं, ताकातलं ताकाचं. डॉक्टर विचारतो ते मीठ निराळंच, आणि ते मात्र खरोखरच कोणी खात नाही.

दुपारी घरी येऊन मी एक प्रयोग केला. औषधं तोलायचा छोटा काटा टेबलावर ठेवला आणि माझ्या बायकोला, उज्वलाला, चिमूटभर मीठ टाकायला सांगितलं. ती शाळेत गणित शिकवते, त्यामुळे तिची चिमूटसुद्धा नेमकी निघाली : पाव ग्रॅम. माझी अर्धा ग्रॅम भरली. दुसऱ्या दिवशी सगुणाबाईंना मुद्दाम बोलावून त्यांची चिमूट तोलली. सव्वादोन ग्रॅम! बेचाळीस वर्षं मेथीच्या जुड्या बांधलेला हात तो. त्याच्या चिमटीत मावतं तेवढं माझ्या ओंजळीत मावत नाही.

मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. दोष रोग्याच्या स्वभावात नव्हता, चिमटीत होता! स्वभाव बदलता येत नाही, पण चिमूट यंत्राकडे सोपवता येते. एक मीठदाणी. वर खटका. एकदा दाबला की बरोबर अर्धा ग्रॅम मीठ पडणार. एका जेवणाला तीन दाब. तिसऱ्यानंतर आपोआप कुलूप, ते थेट चार तासांनी उघडणार. मला वाटलं, हे आजवर कोणाला सुचलं कसं नाही? (पुढे कळलं, की सुचलं असेल, पण त्यांना शेजारी शहाणे मिळाले असतील आणि त्यांनी वेळीच थांबवलं असेल.)

मी चित्र काढून उज्वलाला दाखवलं. तिने कागद उभा धरला, आडवा धरला.

"तुमचं अक्षर केमिस्टला कळत नाही, हे चित्र कोणाला कळणार?"

ते चित्र एका माणसाला कळलं. पुंजाराम. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत त्याचं एका शटरचं वर्कशॉप आहे. फवारणीच्या पंपाचे नोझल बनवतो. मी त्याच्या बापाचा दमा सांभाळतो, त्यामुळे माझ्याबद्दल त्याला आदर होता. होता असंच म्हणायला हवं.

"डॉक्टरसाहेब," चित्रावर बोट फिरवत तो म्हणाला, "एक नंबर वस्तू हाय. आठ दिवस द्या."

आठव्या दिवशी त्याने यंत्र आणून टेबलावर ठेवलं, तेव्हा टेबल हललं. दीड किलोची पोलादी मीठदाणी! फवारणीचा माणूस तो, त्याने स्प्रिंगही फवारणीचीच बसवली होती. मी उज्वलाला वरणभाताचं ताट वाढायला लावलं, ताटावर यंत्र उलटं धरलं आणि खटका दाबला. ते थेट बंदुकीसारखं उडालं. अर्धा ग्रॅम मीठ ताटावर आपटलं, तिथून उसळलं आणि सगळीकडे पोचलं. माझ्या चष्म्यावर, उज्वलाच्या तपासायच्या वह्यांवर, देवघरात. वरणात काय उरलं ते सांगता येणार नाही. वरण अळणी होतं एवढं खरं.

"पण अर्धा ग्रॅमच उडालं ना?" मी आनंदाने ओरडलो. मोजून घेतलं असतं तर तेवढंच भरलं असतं, याची मला आजही खात्री आहे.

बातमी सोसायटीत पसरायला एक दिवस लागला. आमच्या खालच्या मजल्यावर गोटीराम काका राहतात. इगतपुरीला रेल्वेत सदतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. ते दुसऱ्या दिवशी सकाळीच हजर.

"डॉक्टर, यंत्र उत्तम. पण पावसाळ्याचा विचार केलाय का? आमच्या इगतपुरीला जूनमध्ये बरणीत मीठ भरावं, तर जुलैत ते पिता येतं. तांदूळ टाका आत."

मी दहा दाणे टाकले. आंबेमोहोर. तिसऱ्या दाबाला एक दाणा छिद्रात असा अडकला, की सुई, टाचणी, माझा दवाखान्यातला बारीक चिमटा, सगळं हरलं. पुंजारामने अख्खं यंत्र खोलून दाणा बाहेर काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर मूतखडा काढलेल्या सर्जनचं समाधान होतं.

दुसऱ्या मजल्यावरची हर्षाली आमच्या गच्चीवर योगासनांचे वर्ग घेते. ती म्हणाली, "सर, पांढरं मीठ आउटडेटेड आहे. पिंक सॉल्ट ठेवा. आणि यंत्राला आरसा लावा, म्हणजे मीठ घेताना माणसाला स्वतःचा चेहरा दिसेल." मी हे नम्रपणे नाकारलं. माझ्या पेशंटांना स्वतःचा चेहरा आवडतो. ते तो बघत बसले असते, आणि मीठ दुसऱ्या हाताने घेतलं असतं.

गोटीराम काकांचा दुसरा सल्ला मात्र पुंजारामला पटला. काका म्हणाले, "नुसत्या कुलपाने आपला माणूस थांबत नाही. रेल्वेत फाटक बंद असलं तरी लोक खालून वाकून जातात. आवाज पाहिजे!"

म्हणून चौथा दाब दिला की आवाज व्हायला हवा असं ठरलं. पुंजारामने बाजारातून आवाजाची चकती आणली. टेम्पो मागे घेताना वाजते ती. चौथा दाब दिला की मीठदाणीतून एक बाई खणखणीत स्वरात म्हणायची, "सावधान! वाहन मागे येत आहे!"

"पुंजाराम, हे 'मीठ पुरे' असं म्हणायला पाहिजे."

"वेगळा आवाज पाहिजे तर हजार नग घ्यावे लागतात, साहेब. पण काम तर होतंय ना? दचकून माणूस हात मागे घेतोच."

करून पाहिलं. खरंच घेतो.

चार महिन्यांत यंत्र दीड किलोवरून दोनशे ग्रॅमवर आलं. पोलाद जाऊन पांढरं स्वच्छ प्लास्टिक आलं, स्प्रिंग नरम झाली. मी त्याचं नाव ठेवलं 'मितमीठ'. मित म्हणजे मोजकं. छापणाऱ्याने लेबलवर 'मीठमीठ' छापलं, कारण 'मित' म्हणताना मी अडखळलो असं त्याला वाटलं. दुरुस्ती करून घेतली. बारा मितमीठ तयार झाली, आणि ती रांगेने मांडून बघताना मला पहिल्या मुलीच्या जन्मानंतर झाला होता तेवढा आनंद झाला. हे मी उज्वलासमोर बोललो. बोलायला नको होतं.

आता परवानगी. लेबलवर मी अभिमानाने छापलं होतं : 'एका दाबात अर्धा ग्रॅम'. कुठल्या कार्यालयात गेलो ते सांगत नाही, कारण तिथल्या लोकांनी माझ्याशी अतिशय प्रेमाने वागून माझे तीन दिवस घेतले. पहिल्या टेबलावरचे साहेब म्हणाले, "ग्रॅम लिहिलंय म्हणजे हे वजनमाप झालं. दर वर्षी तपासून शिक्का मारून घ्यावा लागेल."

"प्रत्येक मीठदाणीवर?"

"प्रत्येक. गिऱ्हाईकाने घेऊन यायची."

सगुणाबाई वर्षातून एकदा पिशवीत मीठदाणी घालून शिक्का मारायला रांगेत उभ्या आहेत, असं दृश्य माझ्या डोळ्यांपुढे आलं. दुसऱ्या टेबलावरचे साहेब म्हणाले, "रक्तदाबासाठी आहे ना? मग हे वैद्यकीय उपकरण. ते आमच्याकडे नाही." तिसऱ्या टेबलावरच्या बाईंनी यंत्र हातात घेऊन तीनदा दाबलं, मग चौथ्यांदा दाबलं.

"सावधान! वाहन मागे येत आहे!"

मागून चहाचा ट्रे घेऊन येणारा शिपाई टुणकन बाजूला उडी मारून भिंतीला चिकटला. एकही थेंब सांडला नाही. सरकारी कौशल्य.

"हे खेळणं आहे," बाई म्हणाल्या.

माझ्या कानशिलांत रक्त तापलं. एमडी मेडिसिन माणसाने चार महिने खपून केलेलं उपकरण, आणि खेळणं! मी तावातावाने मीठ, रक्तवाहिन्या आणि मेंदूतला रक्तस्राव यावर दहा मिनिटं बोललो. हळूहळू आजूबाजूच्या खुर्च्या सरकत जवळ आल्या. पहिल्या टेबलावरच्या साहेबांनी बाही वर केली. "डॉक्टर, माझं जरा बघता का? सकाळपासून डोकं जड आहे." पट्टा माझ्या बॅगेत असतोच. मी अर्जाला मंजुरी आणायला गेलो होतो, परत आलो ते तीन नवे पेशंट घेऊन. पण जाता जाता त्याच साहेबांनी कानात सांगितलं, "ग्रॅम काढून टाका हो. नुसतं 'चिमूटभर' लिहा. चिमटीला कायदा नाही."

बारा लेबलांवर मी स्वतःच्या हाताने 'चिमूटभर' लिहिलं, आणि अनावरणाची तारीख ठरवली.

आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या हॉलमध्ये, रविवारी सकाळी, मिसळीसह. नाशिकात रविवारी सकाळी मिसळीशिवाय माणसं जमवायची म्हणजे पाण्याशिवाय पोहायला बोलावण्यासारखं. चाळीस ज्येष्ठ आले. सगुणाबाईंना मी खास बोलावलं होतं. त्या नव्या नवरीसारखी जरीकाठाची साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या. मी एक योजना केली होती, आणि ती मला तेव्हा फार बुद्धिमान वाटली होती. आचाऱ्याला सांगितलं, रश्शात मीठ अजिबात टाकू नकोस. प्रत्येकाने आपापल्या हाताने मितमीठमधून तीन दाब घ्यायचे. आरोग्य आणि प्रात्यक्षिक एकदम.

मी गणित उज्वलाला विचारायला हवं होतं. बारा यंत्रं, प्रत्येकी तीन दाब, म्हणजे छत्तीस चिमटी. माणसं चाळीस. आणि मुख्य म्हणजे, पहिल्याच माणसाने तिन्ही दाब घेतले की ते यंत्र पुढल्या चार तासांसाठी कुलूपबंद!

भाषण छान झालं. टाळ्या झाल्या. मिसळ वाढली गेली. पहिल्या बारा जणांनी मीठ घेतलं, यंत्रं पुढे सरकवली, आणि पुढच्यांनी खटके दाबले.

"सावधान! वाहन मागे येत आहे!"

"सावधान! वाहन मागे येत आहे!"

बारा यंत्रं, थोडी पुढे थोडी मागे, एकमेकींच्या बोलण्यात बोलणाऱ्या जावांसारखी सुरू झाली. एक आजोबा खुर्चीवरून उठून मागे वळून बघायला लागले. दोन आजी भिंतीकडे सरकल्या. ज्यांना कमी ऐकू येतं ते शांतपणे दाबत राहिले, आणि त्यामुळे आवाज थांबेना. गोटीराम काका मधोमध उभे राहून दोन्ही हात वर करून ओरडत होते, "शांत राहा! एकेक जण! एकेक जण!" बाहेर रस्त्यावरचा खरा टेम्पोवाला आत डोकावून विचारून गेला, "कोण मागे घेतंय?"

आणि अठ्ठावीस माणसं अळणी मिसळीसमोर बसली होती. नाशिकच्या माणसाला अळणी मिसळ! त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही. आचारी मिठाचा डबा घेऊन धावत आला, तर मी आडवा आलो. "नाही! तत्त्वाचा प्रश्न आहे!" असं मी खरोखर म्हणालो. उज्वलाने कपाळावर हात मारला तो मी तिथूनही पाहिला.

तेव्हा पहिल्या रांगेत सगुणाबाई उठल्या. कमरेचा बटवा काढला, त्यातून कागदाची पुडी काढली, आणि टेबलाटेबलाने फिरत प्रत्येकाच्या बशीत चिमूट चिमूट मीठ टाकायला लागल्या. त्यांची ती चिमूट! सव्वादोन ग्रॅमची! लोक दुवा देत जेवले. मी कोपऱ्यात उभा राहून पायांकडे बघत होतो. टाय मी आदल्या दिवशी नवा घेतला होता.

त्यानंतर सोसायटीत कोणाचीही गाडी मागे येताना वाजली, की लोक माझ्या गॅलरीकडे बघून हसायचे. पुंजाराम नोझलकडे परत गेला. बारा यंत्रं मी पोत्यात घालून माळ्यावर टाकली. बारा नव्हे, अकरा. एक सगुणाबाईंनी निघताना मागून घेतलं होतं. "मला राहू द्या, डाक्टर. दिसायला गोजिरं हाय."

पुढच्या महिन्यात सगुणाबाई तपासायला आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाहीत. बारा वर्षांत त्यांची तारीख कधी चुकली नव्हती. फोन लागेना. आता माझी झोप उडाली. एकशे ब्याऐंशीवर एकशे आठ! मी चाळीस माणसांसमोर त्यांना मीठ वाटायची वेळ आणली, कदाचित त्या रागावल्या असतील, गोळ्या बंद केल्या असतील, कुठे पडल्या असतील. एका शनिवारी दवाखाना बंद करून मी उज्वलाला म्हणालो, "चल."

मळ्यावर पोचलो तर सगुणाबाई गादीवाफ्याशेजारी उकिडव्या बसल्या होत्या. ठणठणीत. उन्हाळी कांद्याचं बी टाकायचं चाललं होतं. त्यांची सून शुभांगी वाफ्यावर काडीने बारीक रेघ ओढायची, आणि मागून बाई एक पांढरी वस्तू धरून टिक, टिक, टिक करत पुढे सरकायच्या. वस्तू मितमीठ होती.

"आवो डाक्टर!" त्या ओरडल्या. "या, या! तुमचं यंत्र बघा! कांद्याचं बी कसं नेमकं पडतं. हातानं टाकलं तर कुठं दाट कुठं विरळ. हे म्हणजे मोजून!"

"कुलूप?" मी कसाबसा बोललो.

"ते मी काढलं," शुभांगी लाजून म्हणाली. "केसातल्या पिनेनं. आणि त्या बाईला पण काढलं. बैल बुजत व्हता."

मी तिथेच बांधावर बसून सगुणाबाईंच्या दंडाला पट्टा बांधला. हवा सोडली. आकडा बघून पुन्हा हवा भरली, पुन्हा सोडली. एकशे छत्तीस आणि चौऱ्याऐंशी. उज्वलाला बघायला लावलं. तिने वाचलं तेही तेवढंच.

"सगुणाबाई, काय केलंत?"

"मीठ सोडलं," त्या म्हणाल्या. "पेरूचं पण."

"यंत्रामुळे?"

"यंत्र कुठं? ते तर हितं वावरात हाय." त्या पदराने हात पुसत माझ्याकडे बघायला लागल्या. "त्या दिवशी मी समद्यांना मीठ वाढत व्हते ना, तवा तुमचं तोंड बघितलं. लय कसनुसं झालतं. मनात म्हटलं, एवढा शिकलेला माणूस माझ्यापायी कारखान्यात हिंडला, हापिसात हिंडला, गळ्यात ते फडकं बांधून चारचौघांत हसं करून घेतलं. नुसतं सांगतात तर समदेच डाक्टर. पन माझ्यासाठी येडं झालेला मी एकच बघितला. म्हटलं, जाऊ दे. सोडू एकदाचं."

"मग तपासायला का नाही आलात?"

"लाज वाटली. आन कांद्याची घाई."

मी त्यांच्या दंडावरचा पट्टा सोडून उगाचच दोनदा गुंडाळला. मी उज्वलाकडे पाहिलं, तर ती मान वळवून दूरच्या द्राक्षबागेकडे फार लक्ष देऊन बघत होती.

शेजारच्या मळ्यातून दोघं जण आले. एकाने विचारलं, "तुम्हीच का ते बीवाले डॉक्टर? आम्हाला चार पाहिजे." दुसऱ्याला गाजराच्या बियांसाठी छिद्र बारीक करून हवं होतं. बावीस वर्षांच्या व्यवसायात माझ्याकडे असं उत्साहाने कोणी काही मागितलं नव्हतं. रजेचं सर्टिफिकेट सोडून. मी पुंजारामला तिथूनच फोन लावला. तो एवढ्या जोरात ओरडला, की शुभांगीलाही ऐकू गेलं.

"धरा," सगुणाबाईंनी यंत्र माझ्या हातात दिलं. "एक ओळ टाका तुमच्या हातानं. पायतान काढा आधी."

मी बूट काढले, मोजे काढले, पँट दुमडली. वाकलो. टिक. एक पाऊल. टिक. मागून तिघी बायका एकदम सांगत होत्या : सरळ, डावीकडं, आता उजवीकडं, आहो इतकं नाय! वीस फुटांची ती ओळ टाकून मी उभा राहिलो तेव्हा कंबर धरली होती, घाम कानामागून वाहत होता, आणि मला आयुष्यात इतकं बरं वाटलेलं आठवत नव्हतं.

दहाव्या दिवशी दवाखान्यात ऐन गर्दीत फोनवर एक फोटो आला. शुभांगीने पाठवलेला. गादीवाफ्यावर हिरव्या सुयांसारखं कांद्याचं रोप वर आलेलं, एकेक ओळ दोरी धरून आखल्यासारखी सरळ. मधली एक मात्र ईसीजीच्या कागदावरून उचलून आणल्यासारखी वर, खाली, वर, खाली गेलेली.

खाली सासूच्या वतीने लिहिलं होतं : "आत्याबाई म्हणतात, डाक्टरची ओळ सगळ्यात दाट उगवली."

मी तो फोटो समोरच्या पेशंटला दाखवला. मग त्याच्या मागच्याला. मग दार उघडून बाकड्यावर बसलेल्या सगळ्यांना.